आधी आठ शेजारी सेक्शनांचे कागद वाचा

पत्र

नमस्कार,

माझे पती डॉक्टर होते. ओक्लाहोमातल्या ब्लेन काउंटीत आम्ही वीसेक वर्षं राहिलो. तिथे त्यांनी एका शेतकऱ्याकडून थोडी जमीन घेतली होती. निवृत्तीनंतर ती विकली आणि आम्ही न्यू जर्सीला मुलीजवळ आलो. जमीन विकताना ‘हे’ म्हणाले होते, “वरची माती गेली, खालचं आपलंच आहे.” तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या नावाने पत्रांचा पाऊस पडतोय. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्या म्हणतात, तुमचे ४० एकरांचे मिनरल राइट्स आम्हाला विका. एकीने तर चेकसारखा दिसणारा कागदच पाठवला आहे आणि लिहिलंय की ऑफर ३० दिवसांचीच आहे. त्यातच एका वकिलाच्या ऑफिसकडून जाड पाकीट आलं. शंभर-दीडशे लोकांची यादी, त्यात ह्यांचं नाव, आणि ‘पूलिंग’ असा शब्द. मुलगा म्हणतो, “आई, नसती कटकट आहे, पैसे घे आणि मोकळी हो.” मुलगी म्हणते थांब. मला तर जमीन विकल्यावर खालचं आपलं कसं राहतं हेच समजत नाही. सही करू का?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

ताई,

सही करू नका. निदान आज नको. आणि ते जाड पाकीट रद्दीत गेलं असेल तर आत्ता उठून बाहेर काढा. तुमच्याकडे आलेल्या सगळ्या कागदांत खरं महत्त्वाचं तेवढंच आहे. बाकीची रंगीत पत्रं त्याच्या मागोमाग आलेली आहेत. ती का आली, ते आधी सांगतो.

पूलिंग म्हणजे एका विहिरीसाठी जमिनीखालच्या सगळ्या मालकांना एकत्र आणणं. त्याच्या अर्जाला एक यादी जोडलेली असते. त्या सेक्शनमध्ये, म्हणजे जमिनीच्या त्या आखलेल्या तुकड्यात, ज्यांचे ज्यांचे मिनरल्स (जमिनीखालची खनिजं) आहेत आणि ज्यांच्याशी कंपनीचा अजून करार झालेला नाही, त्या सगळ्यांची नावं आणि पत्ते तिच्यात असतात. हा अर्ज सरकारदरबारी दाखल झाला की यादी कुणालाही वाचता येते. मिनरल्स विकत घेणाऱ्या कंपन्या असे अर्ज रोज चाळतात आणि यादीतल्या प्रत्येकाला पत्र धाडतात. म्हणजे इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता पाच जण एकदम विचारू लागले, हा योगायोग नाही. तुमच्या जमिनीखाली कुणीतरी विहीर खोदायला निघालं आहे, हे त्यांना कळलं आहे आणि तुम्हाला अजून नीट कळलेलं नाही. त्यांची घाई एवढ्याचसाठी. ३० दिवसांची मुदत त्यांनी स्वतःच घातलेली आहे, तिला कायद्याचा काही आधार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे शेताखाली तेल लागलं तरी शेतकऱ्याला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, मिळत नाही. तेल आणि वायू हा केंद्र सरकारचा विषय. ओएनजीसी जमीन घेते, वरच्या जमिनीची भरपाई देते आणि तिथे विषय संपतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे जमिनीचा पृष्ठभाग आणि त्याखालची खनिजं या दोन वेगळ्या मालमत्ता होऊ शकतात आणि एक विकून दुसरी ठेवता येते. तुमच्या यजमानांनी विक्रीच्या खतात ‘मिनरल्स राखून ठेवले’ असं एक वाक्य घातलं असणार. त्या एका वाक्यावर आज तुमचा हक्क उभा आहे. ते खत वटोंगा गावी, काउंटी क्लार्कच्या ऑफिसात नोंदलेलं असेल. त्याची प्रत मागवा. प्रत हातात आल्याशिवाय ‘४० एकर’ हा आकडाही पक्का धरू नका. त्या शेतकऱ्याने स्वतः विकताना काही हिस्सा राखून ठेवला असेल तर तुमचे निव्वळ एकर २० किंवा १० सुद्धा निघू शकतात.

मिनरल्सना सात-बारा नसतो, हे इथेच सांगून ठेवतो. ओक्लाहोमात जमिनीखालच्या खनिजांवर दरवर्षीचा मालमत्ता कर लागत नाही. उत्पादन सुरू झालं की राज्य त्या उत्पादनावरच कर घेते. त्यामुळे मालकांची अद्ययावत यादी ठेवणारं कुठलंही खातं नाही. जुनी खतं एकामागून एक लावूनच मालक कोण ते ठरतं. पण याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. हे मिनरल्स नुसते ठेवून दिले तर तुम्हाला वर्षाला एक डॉलरही भरावा लागत नाही. ‘कटकट आहे, मोकळी हो’ म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा. विकायचंच असेल तर पुढच्या वर्षीही विकता येईल. विकलेलं मात्र परत मिळत नाही.

जाड पाकिटात काय आहे

पहिल्या पानावर ‘सीडी’ या अक्षरांनी सुरू होणारा एक नंबर असेल. त्याखाली अर्जदार कंपनीचं नाव, काय हवं आहे ते (‘पूलिंग’) आणि जागेचं वर्णन: सेक्शन अमुक, टाउनशिप अमुक नॉर्थ, रेंज अमुक वेस्ट. सेक्शन म्हणजे साधारण एक चौरस मैल, ६४० एकर. या तीन आकड्यांच्या वर्णनाशिवाय ओक्लाहोमात काहीच शोधता येत नाही. ते एका वहीत लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दाखवा.

ओक्लाहोमा कॉर्पोरेशन कमिशन ही राज्याची संस्था, १९०७ साली राज्य स्थापन झालं तेव्हापासूनची. तीन कमिशनर लोकांनी निवडून दिलेले असतात आणि तेल-वायूच्या विहिरींना परवानगी तेच देतात. एखाद्या सेक्शनमधल्या सगळ्या मालकांनी करार केला नाही म्हणून विहीर अडून राहू नये, यासाठी कमिशन उरलेल्यांना सक्तीने एकत्र आणतं. याला पूलिंग म्हणतात. सक्ती म्हटली की आपण घाबरतो. पण यात तुमचे मिनरल्स कुणी काढून घेत नाही, त्या युनिटमध्ये, म्हणजे विहिरीसाठी आखलेल्या क्षेत्रात, तुम्ही कोणत्या अटींवर सामील होणार एवढंच ठरतं. टेक्सासमध्ये अशी सक्ती क्वचितच होते. त्यामुळे तिथले ओळखीचे लोक तुम्हाला ‘असं काही नसतंच’ म्हणाले तर त्यांच्यावर विसंबू नका.

आता नीट बघा: पाकिटात अर्ज आणि सुनावणीची नोटीस आहे, की कमिशनची ऑर्डर आहे? सगळी गोष्ट या एका फरकावर आहे.

अर्ज असेल तर घड्याळ अजून सुरू झालेलं नाही. सुनावणीला ओक्लाहोमा सिटीत जाण्याचीही गरज नाही. हाच काळ कंपनीशी थेट लीजची, म्हणजे ठराविक मुदतीच्या कराराची, बोलणी करण्याचा. पूलिंगपेक्षा लीज सहसा बरं पडतं, कारण लीजमध्ये तुम्हाला स्वतःची अटही घालता येते. उदाहरणार्थ, वायू विहिरीपासून बाजारापर्यंत नेण्याचा आणि शुद्ध करण्याचा खर्च माझ्या रॉयल्टीतून कापायचा नाही, ही. ती अट लिहून घेतली नाही तर वायूच्या चेकमधून बरीच रक्कम गळून जाते.

ऑर्डर असेल तर तिच्यावरची तारीख बघा. निवड कळवायला सहसा २० दिवस मिळतात, आणि ते ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, पाकीट तुमच्या हाती पडल्यापासून नाही. पत्ता बदललेल्या माणसाचे त्यातले आठ-दहा दिवस टपालातच जातात. तुम्ही काहीच कळवलं नाही तर ऑर्डरमध्ये आधीच लिहून ठेवलेला पर्याय तुम्ही निवडला असं मानतात. तो बहुधा सगळ्यात जास्त रोख आणि सगळ्यात कमी रॉयल्टीचा असतो. वाईटच असतो असं नाही, पण तो तुम्ही विचार करून घेतलेला नसतो.

ऑर्डरमध्ये तीन-चार पर्याय असतात. एक, खर्चात भागीदार होण्याचा. तो पर्याय तुम्ही सोडून द्या, ताई. आडव्या विहिरीचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या हिशेबात जातो आणि तुमच्या हिश्शाएवढा खर्च तुमच्या अंगावर येतो. विहीर फसली तरीही. बाकीचे पर्याय एकरी रोख बोनस आणि रॉयल्टी यांच्या वेगवेगळ्या जोड्या असतात: बोनस जास्त तर रॉयल्टी एक-अष्टमांश, बोनस कमी तर एक-पंचमांश, बोनस जवळजवळ नाही तर एक-चतुर्थांश. तुमचा आकडा कसा निघतो ते बघा. ४० एकर भागिले युनिटचे ६४० एकर म्हणजे ०.०६२५. त्याला एक-पंचमांशाने गुणलं की ०.०१२५. म्हणजे विहिरीतून एक लाख डॉलरचं तेल विकलं गेलं तर तुमचे करापूर्वीचे १,२५० डॉलर. एक-अष्टमांशाला हेच ७८१ होतात आणि एक-चतुर्थांशाला १,५६२. विहीर दोन सेक्शनमधून जात असेल आणि तिचा निम्माच भाग तुमच्या सेक्शनमध्ये असेल, तर सगळे आकडे निम्मे करा. विहीर सुरू झाल्यावर कंपनी ‘डिव्हिजन ऑर्डर’ नावाचा कागद पाठवते. त्यावर हाच दशांश छापलेला असतो. तो आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावरही सही नाही.

किंमत कुठे लिहिलेली असते

मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. विकत घेणारे तुम्हाला भाव सांगतात, पण तो भाव बरोबर आहे का हे तपासायचे कागद सार्वजनिक आहेत आणि फुकट आहेत.

पूलिंगचा बोनस ठरवताना कमिशन हवेतला आकडा घेत नाही. तुमच्या सेक्शनमध्ये आणि त्याला लागून असलेल्या आठ सेक्शनांमध्ये अलीकडे लीजसाठी काय दिलं गेलं, याचा पुरावा सुनावणीत मांडला जातो. आणि त्या आठ सेक्शनांत आधी पूलिंग झालं असेल तर त्या ऑर्डरी कमिशनच्या वेबसाइटवर पडलेल्या असतात. प्रत्येकीत एकरी बोनस आणि रॉयल्टीचे आकडे स्पष्ट लिहिलेले असतात. मुलीला एका रविवारी शेजारी बसवा. टाउनशिप-रेंज टाका, आठही सेक्शन एकेक करून काढा. दोन तासांचं काम आहे. ते झाल्यावर तुम्हाला कळेल की तुमच्या भागात फक्त लीजसाठीच लोक काय देतात. लीज म्हणजे ठराविक मुदतीपुरता हक्क, मिनरल्स तुमचेच राहतात. कायमची विक्री करा म्हणणाऱ्याची ऑफर या लीजच्या बोनसच्या आसपास रेंगाळत असेल, तर ती ऑफर बाजूला ठेवायला तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

त्याच वेबसाइटवर विहिरींचा नकाशा आहे. तो बघताना एक चूक सगळेच करतात: ठिपका शोधतात. आपल्या सेक्शनमध्ये ठिपका नाही म्हणजे काही चाललेलं नाही, असं वाटतं. हल्लीची विहीर खाली जाऊन आडवी वळते आणि मैल-दोन मैल जाते. तोंड शेजारच्या सेक्शनमध्ये, शेताच्या बांधावर, आणि तेल काढणार तुमच्या सेक्शनखालून. म्हणून ठिपक्यापासून निघणारी रेघ कुठे जाते ते बघा.

कागदांचा क्रमही ठरलेला आहे. आधी युनिट आखण्याचा अर्ज येतो, ज्याला स्पेसिंग म्हणतात. मग पूलिंग. मग विहीर खोदण्याचा इरादा कळवणारा फॉर्म १०००. मग खोदकाम सुरू झाल्याची सूचना. शेवटी विहीर पूर्ण झाल्याचा फॉर्म १००२-ए. त्यात कोणत्या थरातून तेल काढलं, किती खोलीवर, आणि चाचणीच्या दिवशी किती बॅरल तेल, किती वायू निघाला, हे सगळं असतं. जुनी विहीर सेक्शनमध्ये आधीच असेल आणि युनिट आखलेलं असेल, तर ‘डेन्सिटी वाढवण्याचा’ अर्ज येतो, म्हणजे त्याच युनिटमध्ये आणखी विहिरी. असा अर्ज दिसला तर मी तो चांगली खूण मानतो. पहिल्या विहिरीवर समाधान नसतं तर कंपनी त्याच जागी पुन्हा पैसे घालायला आली नसती.

पण परवाना म्हणजे विहीर नव्हे. तेलाचा भाव पडला की मंजूर विहिरी कागदावरच राहतात. शिवाय चाचणीच्या दिवसाचा आकडा म्हणजे विहिरीचा सर्वांत जोमाचा दिवस. शेल खडकातल्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच खूप घसरतं, बऱ्याचदा निम्म्याहून खाली. शेजाऱ्याच्या विहिरीचं खरं वागणं पाहायचं तर महिन्या-महिन्याचं उत्पादन बघा. ओक्लाहोमा टॅक्स कमिशन प्रत्येक विहिरीच्या किंवा लीजच्या उत्पादनाला एक युनिट नंबर देतं आणि त्याखाली आकडे ठेवतं. आठ सेक्शनांतल्या दोन-तीन विहिरींचे दोन वर्षांचे आकडे वहीत उतरवलेत तर रोख जास्त घ्यायची की रॉयल्टी जास्त घ्यायची, हे तुमचं तुम्हाला सुचेल. विहिरी टिकून वाहत असतील तर मी एक-पंचमांश किंवा एक-चतुर्थांशाकडे झुकेन. पटकन आटत असतील, किंवा तुम्हाला पैशांची गरज आता असेल, तर रोख घ्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

रॉयल्टीवर घरखर्च मात्र बांधू नका. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या वसंतात अनेक विहिरी कंपन्यांनी स्वतःहून बंद केल्या आणि रॉयल्टीचे चेक आटले. हा पैसा आला तर वरचा समजा.

चेकसारखा दिसणारा कागद

तो बँकेत भरू नका. तो बहुधा ड्राफ्ट असतो आणि सोबत सहीसाठी जोडलेला कागद ‘मिनरल डीड’, म्हणजे कायमचं खरेदीखत. वरच्या ओळीत ‘डीड’ आहे की ‘लीज’, एवढं वाचलं तरी अर्धा धोका टळतो. सही करून, नोटरी करून खत पाठवलंत की हक्क गेला. ड्राफ्टचे पैसे मात्र त्यांच्या सोयीने, त्यांची कागदपत्रांची छाननी झाल्यावर येतात, किंवा येतही नाहीत. कधीकाळी विकायचं ठरलंच तर निदान तीन खरेदीदारांकडून लेखी भाव घ्या आणि पैसे खात्यात जमा होण्याआधी खत हातातून सोडू नका. अर्धे मिनरल्स विकून अर्धे ठेवण्याचाही मार्ग आहे. तुमच्या दोन मुलांची दोन मतं आहेत, तर घरात शांतता राखायलाही तो उपयोगी पडेल. पण तेही पूलिंगचं मार्गी लागल्यावर.

आता नावाचं. यादीत नाव यजमानांचं आहे. खत मागवलंत की पहिल्यांदा बघा, मिनरल्स फक्त त्यांच्या नावावर होते की तुम्हा दोघांच्या, ‘जॉइंट टेनन्ट’ म्हणून. दोघांच्या संयुक्त नावावर असतील तर काम सोपं आहे: मृत्यूचा दाखला जोडून एक प्रतिज्ञापत्र काउंटी क्लार्ककडे नोंदवायचं. फक्त त्यांच्या नावावर असतील तर ओक्लाहोमातच प्रोबेट, म्हणजे कोर्टातून वारसाचं नाव लावण्याचं काम, करावं लागेल. न्यू जर्सीत झालेलं प्रोबेट तिथल्या मिनरल्सना आपोआप लागू होत नाही. यासाठी ओक्लाहोमात तेल-वायूचं काम करणारा वकील गाठा, इस्टेटीचा नेहमीचा वकील नको. कुणाला गाठावं कळत नसेल तर नॅशनल असोसिएशन ऑफ रॉयल्टी ओनर्स ही मालकांचीच संघटना आहे, तिची ओक्लाहोमात शाखा आहे, तिथे विचारा. नाव लागेपर्यंत तुमचे पैसे बुडत नाहीत, कंपनी ते बाजूला ठेवते. पण बाजूला ठेवलेला पैसा मागायला कुणी आलंच नाही तर तो पुढे सरकारी खात्यात जातो.

त्यावरून आठवलं. तुम्ही न्यू जर्सीला आल्यापासून बरीच वर्षं गेली. त्या काळात त्याच सेक्शनमध्ये आधीही एखादं पूलिंग होऊन गेलं असेल आणि पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली असतील, असं सहज होऊ शकतं. पत्ता न सापडलेल्या मालकांचे पूलिंगचे पैसे कमिशनकडे एका एस्क्रो खात्यात, म्हणजे मालक सापडेपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात, जमा होतात. तिथे यजमानांचं नाव शोधा. मग ओक्लाहोमाच्या राज्य खजिनदाराकडच्या बेवारस मालमत्तेच्या यादीत शोधा. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आपल्या नावांची अमेरिकी कागदांवर काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे. मधलं नाव आडनावाच्या जागी टाकूनही बघा.

आयकराचं एवढंच: यजमान गेले त्या तारखेला या मिनरल्सची बाजारकिंमत किती होती याचा अंदाज कुणाकडून तरी लेखी करून घ्या, कारण पुढे विकलेत तर वारसाहक्काने आलेल्या हिश्शाचा नफा त्या किमतीपासून मोजतात. आणि रॉयल्टी सुरू झाली तर तिच्यावर १५ टक्के ‘डिप्लीशन’ची (जमिनीखालचा साठा संपत जातो त्याबद्दलची) वजावट मिळते, हे तुमच्या टॅक्सवाल्याला सांगा. न्यू जर्सीतल्या टॅक्सवाल्यांकडे अशी गिऱ्हाइकं फारशी येत नाहीत.

या आठवड्यात करायचं ते हे. पाकिटातला कागद अर्ज आहे की ऑर्डर ते बघा. अर्जदार कंपनीला आणि वकिलाच्या ऑफिसला एक पत्र लिहा: यजमान वारले, मी त्यांची पत्नी, माझा आताचा पत्ता असा आहे, आणि मला लीजच्या अटी कळवाव्यात. सीडी नंबर पत्राच्या डोक्यावर घाला. सर्टिफाइड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती मुलीकडे ठेवायला द्या.